मार्कच्या शुभवर्तमानाचा शेवट आणि विश्वासार्हतेचा प्रश्न

प्रश्न: मार्कच्या शुभवर्तमानातील (बायबलच्या नव्या करारातील येशूच्या चरित्रग्रंथांपैकी एक) १६व्या अध्यायाची ९ ते २० ही वचने सर्वांत जुन्या प्रतींत नाहीत, असे वाचले. मग उरलेल्या मजकुरावर इतिहास म्हणून कितपत विसंबावे?

उत्तर १: आपण वाचले ते खरे आहे, चौथ्या शतकातील सिनाई आणि व्हॅटिकन या दोन्ही हस्तलिखितांत हा ग्रंथ आठव्या वचनाशी, कबरीपासून भयभीत होऊन पळणाऱ्या स्त्रियांपाशीच थांबतो. मात्र ही वचने नंतरची भर आहेत हे ओळखता येते, ते अनेक ग्रीक प्रती ताडून पाहता येतात म्हणूनच.

उत्तर २: प्रतींची विपुलता मूळ पाठ ठरवण्यास उपयोगी पडते, घटना घडली की नाही, हे ती सांगत नाही. या दोहोंची गल्लत नेहमीच होते, आणि ती श्रद्धावान आणि संशयवादी अशा दोन्ही बाजूंचे लोक करतात. माझ्या मते पौल या आरंभीच्या ख्रिस्ती प्रचारकाची पत्रे अधिक मोलाची आहेत, कारण ती बहुतेक अभ्यासकांच्या मते शुभवर्तमानांहून जुनी, साधारण इ.स. ५०च्या दशकातील असून, येशूचा भाऊ याकोब याला आपण प्रत्यक्ष भेटलो, असे पौल गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात सांगतो.

प्रश्नकर्ता: परंतु नव्या करारातील हे ग्रंथ निकेआच्या परिषदेनेच (बिशपांच्या सभेनेच) निवडले ना?

उत्तर २: नाही. ३२५च्या त्या परिषदेने ग्रंथांची यादी ठरवली नव्हती. आजच्या २७ ग्रंथांची नेमकी यादी प्रथम अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याच्या ३६७मधील पत्रात आढळते.