कमी खर्चात घरची भाजी : तुमचे अनुभव लिहा

रासायनिक खते-औषधे न वापरता आणि फारसे पैसे न घालता घरी भाजी पिकवणाऱ्यांनी इथे आपापले अनुभव लिहावेत. काय केले आणि झाडाने काय दाखवले, ते सविस्तर सांगा. सुरुवात मी करते.

ओल्या कचऱ्याचे खत मी घरीच बादलीत करते आणि त्यात माझी सगळी भिस्त वाळक्या पानांवर आहे. ओल्या कचऱ्याच्या दुप्पट-तिप्पट पाने घातली की बादलीला वास येत नाही, कारण पानांमुळे हवा खेळती राहते आणि जादा ओल शोषली जाते. वास आलाच तर पाने वाढवायची आणि ढवळायचे. छोट्या बादलीत उष्णता साठत नाही. मोठा ढीग आतून ५५-६० अंशांपर्यंत तापतो, बादली कोमटच राहते. म्हणून टोमॅटोच्या बिया त्यात जिवंत राहतात आणि खत घातलेल्या कुंडीत रोपे आपसूक उगवतात. मला ती फार आवडतात. एकच सुदृढ रोप ठेवून बाकीची काढते.

*

आमच्याकडे खिडकीत जेमतेम तीन-चार तास ऊन येते. तेवढ्यावर पालक आणि पुदिना छान येतात. टोमॅटो, मिरचीला मात्र रोज सहा तास तरी थेट ऊन लागते. खत कितीही घाला, उन्हाची उणीव त्याने भरून निघत नाही.

*

भोपळा-दुधीच्या वेलीला फुले येतात पण फळ धरत नाही, अशी तक्रार बरेच जण करतात. आधी मादी फूल ओळखा : त्याच्या देठाशी इवलेसे फळ असते. उंचावर मधमाश्या कमी फिरकतात, म्हणून मी नर फूल तोडून, पाकळ्या काढून, मादी फुलात हलकेच फिरवतो. लाल भोपळ्याचे फूल पहाटे उमलते, दुधीचे संध्याकाळी. वेळ गाठली तरच उपयोग.

*

मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारे बारीक किडे, दिसला की मी आधी मुंग्या बघते. माव्यातून निघणाऱ्या गोड चिकट रसासाठी त्या त्याची राखण करतात आणि त्याला खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात. कुंडीवरची मुंग्यांची वाट बंद केली, पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मारला, की बहुतेक वेळा भागते. काळ्या अंगावर नारिंगी ठिपके असलेली लांबट अळी दिसली तर कृपया मारू नका. ती ठिपकेदार ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी असते, मावा फस्त करते.

*

टोमॅटोचे बूड काळे पडले की लोक अंड्याची टरफले सुचवतात. मला हा सल्ला पटत नाही. टरफले मातीत फार सावकाश विरघळतात. फळापर्यंत कॅल्शियम पाण्याबरोबर पोचते, आणि माती कधी कोरडी ठाक तर कधी चिंब असली की तो पुरवठा तुटतो. वर लिहिलेलीच वाळकी पाने कुंडीत तीन-चार बोटे जाड पसरा, खोडापासून थोडी दूर. ओल सारखी राहते आणि पुढची फळे स्वच्छ येतात.