बी विंगची लिफ्ट आणि ६०३ चं ऑपरेशन

बी-६०३ वहिनी: सेक्रेटरीसाहेब, लिफ्टचे रोप बदलायला नेमका हाच आठवडा सापडला का? मंगळवारी यांचं हायेटस हर्नियाचं ऑपरेशन, गुरुवारी डिस्चार्ज. आम्ही सहाव्या मजल्यावर राहतो, लक्षात असेलच.

सेक्रेटरी: नोटीस २ आठवडे बोर्डावर होती वहिनी. ठेकेदाराची तारीख हलत नाही.

बी-१०४ काका: हर्नियाला पट्टा बांधा. ऑपरेशनची घाई नको.

बी-४०१ सिस्टर: काका, हा जांघेतला हर्निया नव्हे. जठराचा वरचा भाग छाती-पोटामधल्या पडद्यातून छातीत सरकलाय. पट्ट्याने पोट आवळलं की तो आणखी वर जाणार. वहिनी, मॅनोमेट्री, म्हणजे अन्ननलिकेचा जोर मोजायची तपासणी, झाली का? जोर कमी असेल तर ३६० अंशांचा रॅप, म्हणजे अन्ननलिकेभोवती जठराचा पूर्ण वेढा, घट्ट होतो, घास अडकतो.

बी-६०३ वहिनी: झाली. मागून २७० अंशांचा ठरलाय. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, तिचं काय?

बी-४०१ सिस्टर: स्वतःहून बंद करू नका. हृदयाचे डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ, दोघांनाही आजच विचारा. जेवण निदान ६ तास आधी बंद, साधं पाणी २ तास आधीपर्यंत. भूलतज्ज्ञांनी वेगळं सांगितलं तर तेच खरं. आणि सिगारेट आत्तापासून बंद. खोकल्याची उबळ ताज्या टाक्यांवर येते.

बी-७०३: चला, डक्टमधला धूर तरी थांबेल.

बी-६०३ वहिनी: तुमच्या कुंड्यांचं पाणीही थांबवा मग.

बी-५०१ काकू: भांडू नका गं. गुरुवारी मी डिंकाचे लाडू आणते, ताकद येईल.

बी-३०३ डाएटिशियन: काकू, लाडू नकोत. पहिले १-२ दिवस पाणी, शहाळं, वरणाचं गाळलेलं पाणी. मग आठवडाभर पातळच: ताक, नाचणीचं आंबील, गाळलेलं सूप. त्यानंतर गुरगुट्या भात, खिमट. पोळी, भाकरी, पाव, मटणाचे तुकडे ४ ते ६ आठवडे नाहीत. आतून सूज असते, पावाचा गोळा तिथेच बसतो. एका वेळी अर्धी वाटी, दिवसातून ६ वेळा, ताठ बसून. सोडा आणि स्ट्रॉ बंद, कारण ढेकर नीट येत नाही आणि गॅस पोटात कोंडतो.

बी-२०२: वरचा दरवाजा बंद म्हणजे खालच्या मजल्यांनी सांभाळायचं!

सेक्रेटरी: कृपया ग्रुपची मर्यादा पाळा.

बी-५०१ काकू: बरं. हल्ली मायेने काही द्यायलाही परवानगी लागते.

बी-३०३ डाएटिशियन: काकू, मीठ घालून पातळ पेज आणा ना, तीच हवी आहे.

बी-१०४ काका: चांगल्या कंपनीचा पट्टा मिळतो. रुंद घ्या.

बी-४०१ सिस्टर: पट्टा नको काका! वहिनी, खांदा दुखेल. पोटात भरलेल्या कार्बन डायऑक्साइडने पडदा चिडतो म्हणून. २-३ दिवसांत जातो, घरात फिरवत राहा. खरी भीती ओकारीची. उमाळे आले की टाके ताणतात, रॅप सरकतो. मळमळ वाटताच गोळी द्या. जिभेवर विरघळणारी ऑन्डान्सेट्रॉन लिहून घ्या. कुंथायचं नाही. भरलेली बादली उचलायची नाही, ४-५ किलोच्या वर काहीच नाही, ४ ते ६ आठवडे. मोठ्या गोळ्यांऐवजी सिरप मागा. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या कुटून देऊ नका, सगळं औषध एकदम उतरतं. जिना चालतो, कठडा धरून, दर मजल्यावर थांबत.

सेक्रेटरी: पाहा वहिनी, सिस्टरच म्हणतात जिना चालतो.

बी-४०१ सिस्टर: अर्धाच मेसेज घेतलात. थुंकीही गिळता येईना, उलटी थांबेना, छातीत कळ, धाप, ताप, नाडी जोरात, यातलं काहीही झालं तर रात्री असेल तरी न्यायचं. सहा मजले स्ट्रेचर तुम्ही उतरवणार का?

बी-१०४ काका: म्हणून म्हणतो, पट्टा.

बी-२०२: काकांना पट्ट्याची एजन्सी द्या कुणीतरी.

सेक्रेटरी: ठेकेदाराशी बोललो. या आठवड्यात ए विंगची लिफ्ट आधी घेतो, बी विंग पुढच्या महिन्यात.

ए-३०२: नोटीस २ आठवडे आधी लागते ना साहेब?