'तोंडदेखला न्याय' म्हणजे नेमका कोणता?

प्रश्न (यवतमाळ जिल्हा)

गेल्या रविवारी आमच्या गावातल्या उपासनेत बायबलमधलं योहान ७:२४ वाचलं: "तोंडदेखला न्याय करू नका, तर यथार्थ न्याय करा." परत येताना शेजारची दहावीतली पोर म्हणाली, "काकू, तोंडदेखलं म्हणजे समोरच्याला बरं वाटावं म्हणून केलेलं ना? मग इथं खोटा न्याय करू नका, एवढंच सांगितलंय का?" मला उत्तर देता आलं नाही. आपणही हा शब्द रोज तिच्याच अर्थानं वापरतो. तोंडदेखलं बोलणं, तोंडदेखलं "जेवून जा" म्हणणं. जाणकारांनी सांगावं.

उत्तर (अमरावती)

ताई, पोरीचा अर्थ आजच्या बोलण्यातला आहे, तो चूक नाही. पण या वचनात शब्द फोडून वाचा: तोंड देखून, म्हणजे पाहून, केलेला न्याय. मूळ ग्रीकमध्ये 'कात ओप्सिन' आहे, दिसण्यावरून. 'ओप्सिस' म्हणजे दिसणं आणि चेहराही. त्यामुळे भाषांतरकारांचा शब्द अगदी नेमका बसलाय, आपल्या तोंडी मात्र त्याचा दुसराच अर्थ रुळला.

संदर्भ पाहिला की आणखी उलगडतं. ३८ वर्षं आजारी असलेल्या माणसाला प्रभू येशूनं शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी, बरं केलं, त्यावर लोक चिडले होते. तेच लोक शब्बाथ दिवशी सुंता करत, ती त्यांना चालायची. काम कोणतं झालं यापेक्षा कोणी केलं, हे त्यांनी आधी पाहिलं.

'यथार्थ' आपण 'योग्य' म्हणून वाचून पुढे जातो. यथा अधिक अर्थ, म्हणजे गोष्ट जशी आहे तशी. म्हणून या वचनात न्याय करायला बंदी नाही. गोष्ट नीट पाहा आणि मग बोला, असं आहे. याच अध्यायात पुढे निकदेम हा यहुदी पुढारी विचारतो की माणसाचं आधी ऐकून घेतल्याशिवाय आपलं नियमशास्त्र त्याला दोषी ठरवतं का? माझ्या मते २४ व्या वचनाची सगळ्यात चांगली टीप हा प्रश्नच आहे.

उत्तर (वर्धा)

याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्यायही सोबत वाचा. सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यातल्या गरिबाला "तिथं उभा राहा". तिथला ग्रीक शब्द शब्दशः 'तोंड घेणं' असा आहे, आपण 'पक्षपात' म्हणतो. मला विचाराल तर मराठीत याहून जिवंत शब्द आहे: पंक्तिप्रपंच. लग्नाच्या पंगतीत कोणाच्या पानात तुपाची धार आणि कोणाच्या पानात नुसतं वरण, हे ज्यानं पानावर बसून सोसलंय त्याला याकोब समजावून सांगावा लागत नाही.

उलट बाजूही आहे बरं. लेवीय १९:१५ म्हणतं की न्याय करताना थोराची भीड धरू नका, आणि गरीब आहे म्हणून त्याचीही बाजू घेऊ नका. दया जरूर करा, पण निवाड्याच्या वेळी दोघांनाही एकच माप.

उत्तर (अकोला)

मत्तय ७ मधल्या कुसळ-मुसळाबद्दल थोडं. मूळ शब्द घराच्या तुळईचा आहे, आपल्याकडे जुन्या माणसांच्या तोंडी मयाल. मराठीत मुसळ आलं, कुसळाशी यमकही जुळलं. गहू काढताना डोळ्यात कुसळ गेलेलं ज्यानं पाहिलंय त्याला एक गोष्ट माहीत असते. ते स्वतःचं स्वतःला निघत नाही. कोणीतरी पापणी उलटून पदराच्या ओल्या टोकानं हळूच काढतं. म्हणून प्रभू "भावाचं कुसळ राहू दे" म्हणत नाही. आधी तुझं मुसळ काढ, मग तुला नीट दिसेल, असं म्हणतो.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. वाचता वाचता एक गोष्ट बाहेर आली, ती इथंच लिहिते.

दोन वर्षांपूर्वी, कापसाच्या दुसऱ्या वेच्याला, संध्याकाळी ढीग कमी दिसला. वेचणाऱ्यांत जवळच्या बेड्यावरची, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवरची, एक बाई होती. मी काहीच बोलले नाही, फक्त तिच्या कमरेच्या फडक्याकडे पाहिलं. तिनं ते पाहणं ओळखलं. न विचारता गाठ सोडली, फडकं माझ्यासमोर दोन्ही हातांनी झटकलं. अर्धी भाकर आणि कांद्याची फोड मातीत पडली. तिनं भाकर उचलली, पुसली आणि गेली.

रात्री ह्यांनी सांगितलं, फवारणीच्या औषधाला पैसे हवे होते म्हणून दुपारीच दहा-बारा किलो कापूस खेडा खरेदीवाल्याला, म्हणजे गावात येऊन कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्याला, दिला होता.

इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं पारध्यांसारख्या जमातींतल्या माणसाला जन्मावरून चोर ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण त्या संध्याकाळी माझ्या डोळ्यात तोच होता. मी तिचं तोंड पाहिलं आणि निवाडा करून मोकळी झाले. 'पूर्वग्रह' हा पुस्तकी शब्द मला तेव्हा सुचला नसता, पण 'अढी' सुचायला हवा होता. आंबे पिकवायला गवतात घालतात तीही अढीच. कोणी तरी घालून ठेवतं आणि आत आपोआप पिकत राहतं.

पोरीला काल हा सगळा अर्थ सांगितला, ही गोष्टही सांगितली. तिनं एवढंच विचारलं, "मग काकू, त्या बाईला सांगितलं का, कापूस सापडला म्हणून?"

नव्हतं सांगितलं. उद्या सकाळी बेड्यावर जाते आहे.