मदत हवी आहे: शेवाळातले परागकण कसे मोजायचे?

मंडळी, बडोद्यात कोणी परागकणांवर काम करतं का? धाकटी बहीण एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी उत्तराखंडातून वेगवेगळ्या उंचीवरचं शेवाळ घेऊन आलीय; आसपासच्या झाडांचे हवेतले परागकण त्यात अडकून राहतात, ते मोजायचेत. गोची अशी, की ३००० मीटरच्या वर, भूर्जाच्या पट्ट्यातल्या नमुन्यातही पाइनचे कण भरमसाट! प्रत्येक कणाला हवेच्या दोन पिशव्या असतात, त्यांच्या जोरावर ते खालून वाऱ्याने वर येतात, तेवढं कळतं. उलट बुरांशाचं (ऱ्होडोडेंड्रॉनचं) रान डोक्यावर, पण परागण कीटक-पक्ष्यांच्या भरवशावर; स्लाइडवर चार-चार चिकटलेले कण जेमतेम एखाद-दुसरे. मग प्रत्येक झाडाच्या कणांची टक्केवारी काढताना पाइन एकूण बेरजेतून वगळायचा का? आणि ओळख पटवायला हिमालयातल्या झाडांच्या स्लाइड कुठे बघायला मिळतील? आमच्या पावागडावर कुठला आलाय पाइन! फत्तेगंज, सयाजीगंज, कुठेही येऊ. फक्त संध्याकाळी सहानंतर.