फ्रान्सच्या जुन्या कॉन्व्हेंटना, म्हणजे नन्सच्या मठांना, सरसकट कैदखाना म्हणणं मला पटत नाही

धागाकर्ती: १७व्या शतकातल्या फ्रेंच नन्सचा विषय निघाला की "बिचाऱ्या, कोंडून घातलेल्या" हे सुरू होतं. पॅरिसजवळच्या पोर-रोयाल मठाची आंजेलिक आर्नो घ्या. १६०२ मध्ये, ११ वर्षंही पुरी झाली नव्हती, घरच्यांनी वय खोटं लावून तिला मठाची प्रमुख केली. मान्य, वाईटच. पण २५ सप्टेंबर १६०९ ला आईवडील, भावंडं नेहमीसारखी भेटायला आली तर हिने दारच उघडलं नाही, दारातल्या छोट्या झडपेतून बोलली. बाप पॅरिसचा नावाजलेला वकील, बाहेर दार बडवतोय, आरडाओरडा चाललाय, आणि आत १८ वर्षांची पोरगी. नंतर जाळीपलीकडून वडिलांशी बोलताना ती चक्कर येऊन पडली, पण मठाचा नियम मोडला नाही. त्या काळात बापाला "आत यायचं नाही" असं कुठली मुलगी सांगू शकत होती?

प्रतिसाद: अहो पण तिला त्या दाराआड टाकलं कुणी, बापानेच ना! मोठ्या घरांत लग्नाच्या हुंड्यापेक्षा मठात द्यायची रक्कम बरीच कमी पडायची, म्हणून एकीचं लग्न आणि बाकीच्या मठात, हा सरळ हिशोब होता. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५६३ मध्ये जबरदस्तीला बंदी घातली, पण कागदावर. मार्गरीत देलामार नावाच्या ननने १८व्या शतकात शपथेतून सुटायला कोर्टात केस लढवली आणि हरली. एक आंजेलिक दाखवून अशा बायकांचं दुःख झाकता येत नाही.

दुसरा प्रतिसाद: मग फ्रान्सातल्याच तूर शहरातली मारी गुयार? १९ व्या वर्षी विधवा, मेहुण्याचा मालवाहतुकीचा धंदा सांभाळणारी बाई. सगळे नको म्हणत असताना १६३१ मध्ये उर्सुलाइन या मुलींना शिकवणाऱ्या नन्सच्या मठात गेली, १६३९ मध्ये जहाजाने थेट कॅनडातल्या क्वेबेकला जाऊन मुलींची शाळा काढली. हिला कुणी ढकललं?

तिसरा प्रतिसाद: आणि तिचा मुलगा क्लोद? ११ वर्षांचा होता तो! शाळेतली पोरं बरोबर घेऊन मठाच्या दाराशी आला, "माझी आई मला परत द्या" म्हणून ओरडत होता. मी स्वतः आई आहे, हे वाचलं तेव्हा पोटात गोळा आला. याला स्वातंत्र्य म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

धागाकर्ती: तुमचं म्हणणं लागलं मनाला. पण त्याच क्लोदशी ती क्वेबेकहून वर्षानुवर्षं पत्रांतून बोलत राहिली, तो पुढे स्वतः साधू झाला, आणि तिच्या मृत्यूनंतर १६७७ मध्ये तिचं चरित्र त्यानेच छापलं.

पहिला प्रतिसाद देणारा: मुलाने माफ केलं असेल, तो त्याचा मोठेपणा. माझा मुद्दा सत्तेचा आहे. पोर-रोयालच्या नन्सनी राजाचं आणि चर्चचं ऐकलं नाही तर १७०९ मध्ये उरलेल्यांना उचलून वेगवेगळ्या मठांत पाठवलं, मग इमारत पाडली, कबरीसुद्धा उकरल्या.

धागाकर्ती: हो, आणि तेच मी म्हणतेय. चर्चने चुकीच्या ठरवलेल्या मतांविरुद्धच्या कागदावर मूठभर म्हाताऱ्या बायका बिनशर्त सही करेनात म्हणून चौदाव्या लुईला अख्खा मठ पाडावा लागला.