आठ म्हणजे चारच्या दुप्पट?

औदुंबर: 'गणिती' यांनी काल लिहिलं, "दुःख किती ते दहापैकी आकड्यात विचारा. माझं आठ, तुझं चार, म्हणजे मला दुप्पट जाणवतं." वाचून रात्री झोप लागली नाही. वडील गेले तेव्हा माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. दहाव्याला घाटावरच चुलते म्हणाले, "ह्याला काही वाटलेलंच नाही." त्यांनीही मोजलंच होतं. माझ्या पट्टीवर दहा कुठे येतो हे तुम्हाला कुणी सांगितलं?

गणिती: लार्सन आणि डीनर या मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात ४० विधानांची प्रश्नावली केली. भावना किती वेळा येते ते बाजूला ठेवून, आली की किती जोरात येते एवढंच त्यात विचारतात. ज्यांना आनंद उसळून येतो त्यांना दुःखही तसंच झोडपतं, हे त्यातून दिसलं. मोजलंच नसतं तर?

राजगिरा: आकड्यांचं आम्हाला सांगू नका. पहिल्या बाळंतपणात सिस्टरने विचारलं, दहापैकी किती? मी सहा म्हणाले. याहून वाईट कळा पुढे असतील म्हणून चार राखून ठेवले होते. "मग वेळ आहे अजून," म्हणत ती निघून गेली. अर्ध्या तासात बाळ झालं, तेव्हा जवळ फक्त माझी आई.

घाटवाट: मुतखड्याची कळ सोसलीय का कधी? मी गाडी थांबवून रस्त्याच्या कडेला आडवा झालो होतो. बायको दोनदा बाळंत झाली, एवढी ओरडली नाही.

राजगिरा: ओरडली नाही म्हणून कमी दुखलं? औदुंबरच्या चुलत्यांत आणि तुमच्यात फरक काय? तिला विचारलंत कधी?

मंद्रसप्तक: नेमक्या याच अडचणीवर लिंडा बार्टोशुक यांनी चवीच्या अभ्यासात काम केलंय. 'खूप कडू' हे शब्द दोघांचे सारखे, कडवटपणा सारखा नाही. म्हणून त्यांनी चव आवाजाशी ताडून पाहायला लावली: हे कडू किती मोठ्या आवाजाइतकं? काहींना तेच द्रावण कितीतरी जास्त कडू लागतं, हे तेव्हा उघड झालं. शोक ताडायला असा आवाज कुठून आणणार?

गणिती: घाम आहे ना. घामाने त्वचेची विद्युतवाहकता वाढते, ती मोजता येते.

मंद्रसप्तक: स्वेद, रोमांच भरतानेही नाट्यशास्त्रात सात्त्विक भावांत, म्हणजे भावनेच्या अंगावर उमटणाऱ्या खुणांत, धरलेत. पण घाम रागाचा की आनंदाचा, ते यंत्र सांगत नाही.

गणिती: बरं, 'दुप्पट' मागे घेतो. पण एकाच माणसाचा परवाचा आठ आज पाचावर आला, तर त्याला अर्थ आहे. ते सोडणार नाही.

औदुंबर: ते नका सोडू. दोन माणसं शेजारी उभी करू नका, एवढंच म्हणतोय.

घाटवाट: बायकोला आत्ता विचारलं. म्हणाली, "सासूबाई दाराबाहेर बसल्या होत्या. ओरडणार कशी?"