वय 59, वजन 96, योगा कुठून सुरू करू?

नमस्कार मंडळी,
वय वर आलंच आहे. उंची पाच फूट दोन, बीपीची गोळी चालू, डावा गुडघा कुरकुरतो. व्यायाम म्हणाल तर शाळेतली कवायत आणि मंडईतून पिशव्या उचलून आणणं एवढाच. मार्चमध्ये बँकेतून रिटायर झाले तेव्हापासून डॉक्टर म्हणतात योगा करा, मुलगी म्हणते योगा कर, पोळ्यावाल्या मावशीसुद्धा म्हणतात.

म्हणून जवळच्याच एका क्लासला गेले. सगळ्या पंचविशीतल्या मुली. सरांनी पहिल्याच दिवशी वज्रासनात बसवलं, मी कशीबशी टेकले तर पोटरीत असा गोळा आला की ओरडलेच, आणि मग उठताच येईना, शेवटी दोन मुलींनी बखोटीला धरून उभं केलं. सर म्हणे "होईल सवय". परत गेले नाही, तीन महिन्यांची फी बुडाली.

खरं सांगू का, आसनांची भीती नाहीये. खाली बसले तर उठणार कशी, ही आहे. पोथीसुद्धा मी खुर्चीत बसून वाचते. माझ्यासारखीने काय करावं? राहायला कोथरूड.

टेकडीवाला:
काही अवघड नाही ताई, रोज 12 सूर्यनमस्कार आणि कपालभाती. आमचे वडील सत्तरीत घालायचे. मनावर घ्या फक्त.

पेठेतला_आगाऊ:
@टेकडीवाला तुमचे वडील 58 किलोचे असतील हो. 96 किलोचा भार मनगटांवर आणि दुखऱ्या गुडघ्यावर द्यायचा का पहिल्याच आठवड्यात? आणि बीपी असताना कपालभाती नको, प्रश्न वाचत जा की जरा.
(आणि ताई, योगा नाही, योग. असो.)

खुर्ची_झिंदाबाद:
ताई, मी 64 चा, सुरू केलं तेव्हा 104 किलो होतो, त्यामुळे बखोटीला धरून उठवणं काय असतं ते मला सांगू नका 😀

तुम्ही पुण्यात आहात हे नशीब समजा. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार 1937 मध्ये इथे आले, तेव्हा विशीसुद्धा ओलांडली नव्हती, आणि लहानपणी स्वतः इतके आजारी असायचे की शरीर ऐकत नाही म्हणजे काय हे त्यांना वेगळं सांगायला नको होतं. पट्टे, लाकडी ठोकळे, लोड, भिंतीतले दोर, खुर्ची हे सगळं त्यांच्या पद्धतीत आलं ते आसन माणसाच्या मापाचं करायला. मॉडेल कॉलनीतली त्यांची संस्था 1975 पासून आहे. तिथे किंवा त्या पद्धतीने शिकवणाऱ्या कुणाकडेही चौकशी करा आणि पहिल्याच फोनवर वजन, बीपी, गुडघा सगळं सांगा. समोरचा "काही होत नाही हो" म्हणाला की फोन ठेवून द्या.

तोवर घरी. आधी डॉक्टरांना विचारा नक्की काय टाळायचं ते. श्वास कोंडायचा नाही, डोकं छातीच्या खाली जाईल असं काही नको. पहिले पंधरा दिवस जमिनीवर जायचंच नाही. भिंतीला पाठ लावून ताडासन, पावलं एकमेकांपासून थोडी लांब ठेवा कारण आपलं पोट आणि मांड्या जागा मागतात, त्यात लाज कसली. मग ओट्याच्या कडेवर हात ठेवून मागे मागे सरकत कमरेतून वाका, पाठ टेबलासारखी आडवी, गुडघे किंचित सैल. मला पाठीला खरा आराम यानेच पडला. खुर्ची लोखंडी घडीची घ्या आणि भिंतीला टेकवून ठेवा, प्लास्टिकची फरशीवर सरकते (अनुभव!).

आणि उठायचं कसं, तर ते आसनासारखंच शिकायचं. घरात कुणी असताना करा. कुशीवर वळा, हातांच्या रेट्याने रांगण्यात या, गुडघ्याखाली सोलापुरी चादर चौघडी करून, दोन्ही हात खुर्चीच्या बैठकीवर, चांगला पाय पुढे रोवा आणि श्वास सोडत उठा. मला दीड महिना लागला. ज्या दिवशी कुणाला हाक न मारता उठलो त्या दिवशी बायकोने शिरा केला, म्हणजे वजनाचं काय ते बघा. तसंही या हळू आसनांनी वजन फारसं उतरत नाही, त्याला चालणं आणि ताट. पण जिना सोपा झाला, बुटाची लेस बांधता यायला लागली.

टेकडीवाला:
चुकलं माझं. वडील खरंच बारीक होते.

प्रश्नकर्ती:
@खुर्ची_झिंदाबाद काका, डोळ्यांत पाणी आलं वाचून. चांगला पाय पुढे, हे इतक्या वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं, मी दुखराच पुढे टाकत होते. डॉक्टरांची वेळ घेतलीये उद्याची. ओट्याचं मात्र आत्ताच करून पाहिलं, छान वाटलं. हे बाहेरून विचारतायत, काय सांडलं गं?